ठिपक्यांतला घोडा : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

यंदा शिगमा मार्चच्या मध्यावर येतो. त्याआधी गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातल्या वाचनालयाच्या मुलांनी एक काम हाती घ्यायचे ठरले: घोडेमोडणी, म्हणजे कंबरेला लाकडी घोडा बांधून नाचायचा शिगम्यातला नाच, नुसत्या ठिपक्यांत चित्रित करायची आणि घोडा दिसतो का ते बघायचे. माणूस नको, लाकडी घोडा नको, फेटा नको, तलवार नको. काळ्या पडद्यावर हलणारे काही पांढरे ठिपके, एवढेच.

पद्धत जुनी आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली ती प्रसिद्ध केली. माणसाच्या मुख्य सांध्यांवर दहा-बारा तेजस्वी ठिपके लावायचे, अंधारात त्याला चालायला लावायचे आणि फक्त ते ठिपके दिसतील असे चित्रण करायचे. चित्र थांबलेले असताना बघणाऱ्याला त्यात काहीच अर्थ लागत नाही. ते चालू झाले की क्षणात माणूस दिसतो. योहान्सन यांनी नंतर वेळही मोजला. सेकंदाचा पाचवा भाग एवढे चित्रण लोकांना पुरे झाले.

मी शाळेत चित्रकला शिकवते. मुले माणूस काढतात तेव्हा डोळे, केस, शर्टाची बटणे यांत रमतात आणि चाल निसटते. चाल म्हणजे नेमके काय, हे मला त्यांना दाखवायचे आहे, आणि मलाही ते नीट कळून घ्यायचे आहे. घोडेमोडणी निवडली ती यासाठी की तिच्यात दोन पायांचा माणूस चार पायांच्या जनावराचा भास उभा करतो. तो भास कुठून येतो हा प्रश्न मला कित्येक वर्षे आहे.

१२ जानेवारी

वाळपईच्या बाजारात दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानात रिफ्लेक्टर टेप मिळाली, ट्रकच्या मागे लावतात तीच. तिच्यावर पडलेला प्रकाश जिथून आला त्याच दिशेला परत जातो. म्हणून टॉर्च मोबाइलच्या लेन्सला अगदी खेटून धरायची. मग टेपचे तुकडे झळाळतात आणि बाकी खोली काळी राहते. योहान्सन यांनीही हीच युक्ती वापरली होती. त्यांच्याही आधी, १८८० च्या दशकात, पॅरिसमध्ये एतिएन-ज्यूल मारे माणसाला काळे कपडे घालून हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावत आणि एकाच काचेवर त्याच्या चालीच्या ओळीच्या ओळी उमटवत.

काळा टी-शर्ट, काळी पँट. ठिपके डोक्यावर, आणि खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा, घोटा या जोड्यांवर. कॅमेऱ्याचे एक्स्पोजर लॉक करणे फार महत्त्वाचे, नाहीतर फोन आपोआप खोली उजळवतो. चित्रण सेकंदाला ६० फ्रेमने केले, कारण ३० ने घोट्याचा ठिपका पाऊल उचलताना रेघोट्यासारखा ओढला जातो.

१९ जानेवारी

आज पहिल्यांदा मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना दाखवले. थांबलेल्या चित्राला कुणी नक्षत्र म्हणाले, कुणी रांगोळी. चालू केल्यावर हॉलमध्ये एकदम गलका झाला. समजावून सांगावे लागले नाही, बोट दाखवावे लागले नाही.

मग एका मुलीची आजी, जी मागे खुर्चीवर बसून होती, म्हणाली, "हा आमचाच की गो, बघ उजवा खांदा कसा टाकतो." तो तिचाच नातू होता. बाकीच्यांना तो ओळखू आला नव्हता.

यावर अमेरिकेत १९७७ मध्ये जेम्स कटिंग आणि लिन कोझलोव्स्की यांनी काम केले. एकाच इमारतीत राहणाऱ्या सहा मित्रमैत्रिणींची चाल ठिपक्यांत टिपून त्यांनाच दाखवली. नुसत्या अंदाजाने सहात एक बरोबर आले असते. प्रत्यक्षात ३८ टक्क्यांच्या आसपास उत्तरे बरोबर आली. आकडा फार मोठा नाही, पण चेहरा, उंची, कपडे, आवाज काहीच नसताना एवढी ओळख पटते हे थोर आहे. त्याहून मला गुंतवणारी गोष्ट म्हणजे २००५ मध्ये मॅगी शिफ्रार आणि सहकाऱ्यांना आढळले की माणूस स्वतःची हालचाल मित्रांच्या हालचालीपेक्षाही चांगली ओळखतो. आपण स्वतःला बाजूने चालताना कधी बघतो? जवळजवळ नाहीच. म्हणजे ही ओळख डोळ्यांनी साठवलेली नसावी. शरीर जे करते ते शरीराला ठाऊक असते, आणि पडद्यावरच्या ठिपक्यांत ते ठाऊकपण जागे होते. चित्र काढणाऱ्या मुलांना मी आता सांगणार आहे की चालणारा माणूस काढायचा तर आधी उठून चार पावले चाला.

२ फेब्रुवारी

आज चित्रण उलटे केले, डोके खाली पाय वर. ठिपके तेच, वेग तोच. तरीही मुले गोंधळली. काहींना माणूस दिसला पण "काहीतरी विचित्र" वाटले, काहींना दिसलाच नाही. जपानमधल्या सुमी यांनी १९८४ मध्ये उलट्या ठिपक्यांवर हेच दाखवले होते. उलट्या चेहऱ्याच्या बाबतीतही असे होते, त्यामुळे बराच काळ समजूत अशी होती की आपण पूर्ण आकृतीची सवय लावून घेतो आणि ती उलटी केली की सवय कामाला येत नाही.

निकोलाउस ट्रोये आणि कॉर्ड वेस्टहोफ यांनी २००६ मध्ये पुढचे पाऊल टाकले. त्यांनी ठिपक्यांची जागाच विस्कटून टाकली. घोट्याचा ठिपका वर, खांद्याचा खाली, कोपराचा भलतीकडे, मात्र प्रत्येक ठिपक्याची स्वतःची हालचाल जशीच्या तशी. आता आकृती काही उरली नाही. तरी लोक सांगू शकले की हे जे काही आहे ते डावीकडे चालले आहे की उजवीकडे. हे विस्कटलेले चित्र उलटे केले की मात्र दिशा सांगता येईना. मग त्यांनी फक्त पायांचे ठिपके उलटे केले. तेवढ्यानेही दिशा हरवली. म्हणजे सारी माहिती पायांत होती.

आम्ही आज विस्कटलेले चित्र करून पाहिले. मला स्वतःला ते बघताना अंगावर काटा आला. माणूस दिसत नाही, प्राणीही दिसत नाही, पण तिथे काहीतरी जिवंत आहे आणि ते उजवीकडे चालले आहे, हे ठामपणे वाटते.

पायांत असे काय आहे? मुलांशी यावर खूप वेळ बोललो. फळ्यावर घोट्याच्या ठिपक्याची वाट काढली. पाऊल टेकलेले असताना ठिपका जवळजवळ स्थिर. मग तो उचलला जातो, पुढे झोकला जातो आणि खाली येऊन थांबतो. झोकले जाणे आणि खाली येणे यांत गुरुत्वाकर्षणाचा हात आहे, कारण पाय खुब्याला टांगलेला लंबक आहे. उचलणे आणि थोपवणे यांत स्नायूंचा हात आहे. दगड नुसता पडतो, वाळके पान नुसते तरंगते. पडणाऱ्या वस्तूला दर पावलाला सावरून धरते ते फक्त जिवंत शरीर. हे सावरणे चित्र उलटे केल्यावर खोटे ठरते, कारण मग पाऊल वरच्या दिशेला "पडते". ट्रोये यांचे म्हणणे असे की आपल्या डोळ्यामागे एक जुनी, साधी यंत्रणा आहे जी फक्त एवढेच ओळखते: इथे पायांवर चालणारे काहीतरी आहे. कोण आहे हे ती सांगत नाही. ते काम दुसरी यंत्रणा करते, जी सगळे ठिपके जोडून आकृती बनवते.

एक यंत्रणा जीव ओळखते, दुसरी कुणाचा जीव ते ठरवते. हे वाक्य मी वहीत अधोरेखित केले आहे, कारण घोडेमोडणीचे उत्तर इथे कुठेतरी असावे असे मला वाटते.

९ फेब्रुवारी

सायकलच्या चाकाचा प्रयोग. चाकाच्या कडेला एक ठिपका लावून अंधारात सायकल ढकलली. ठिपका कमानी कमानींनी उड्या मारत गेला, चाक कुणालाच दिसले नाही. मग मधल्या तुंब्यावर दुसरा ठिपका लावला आणि लगेच फिरणारे चाक दिसले. कडेचा ठिपका अजूनही त्याच कमानी काढत होता, पण डोळ्याने दोघांची सामाईक गती बाजूला काढली आणि उरलेली गती गोल फिरण्याची दिसली. कार्ल डुंकर यांनी १९२९ मध्ये हे सांगितले आणि योहान्सन यांनी पुढे आपली सगळी मांडणी यावर उभी केली: माणसाच्या चालीतही डोळा धडाची गती वजा करतो, मग खुब्याभोवती मांडीचे झुलणे दिसते, मांडीची गती वजा केली की गुडघ्याभोवती पिंढरीचे.

१६ फेब्रुवारी

कोंबड्यांचा रविवार.

इटलीतल्या जोर्जो वालोर्तिगारा, लुचिया रेगोलिन आणि सहकाऱ्यांचे २००५ मधले काम मुलांना सांगितले. अंधारात उबवलेली, डोळ्यांनी अजून काहीही न पाहिलेली पिल्ले घेतली आणि त्यांना दोन पडदे दाखवले. एकावर चालणारी कोंबडी ठिपक्यांत, दुसऱ्यावर तेच ठिपके पण निर्जीव वस्तूसारखे किंवा अस्ताव्यस्त हलणारे. पिल्ले जिवंत हालचालीकडे गेली. आणि कोंबडीऐवजी मांजराची चाल ठिपक्यांत दाखवली तरी पिल्लांना तीही कोंबडीइतकीच आवडली. ज्या जनावराने पिल्लू खायचे त्याच्याचकडे पिल्लू निघाले. आई कशी दिसते हे त्याला जन्मतः माहीत नसते. माहीत असते ते एवढेच की अशी हलणारी गोष्ट जिवंत असते, तिच्याजवळ जा. घरट्यात पहिली हलणारी जिवंत गोष्ट बहुधा आईच असते, म्हणून एवढ्यावर भागते.

तीन वर्षांनी, २००८ मध्ये, फ्रांचेस्का सिमिओन यांनी रेगोलिन यांच्यासह दोन दिवसांच्या मानवी बाळांना हेच कोंबडीचे ठिपके दाखवले. बाळांनी कोंबडी कधी पाहिली असण्याचा प्रश्नच नव्हता, चालणारा माणूसही फारसा नाही. तरी ती अस्ताव्यस्त ठिपक्यांपेक्षा चालणाऱ्या ठिपक्यांकडे जास्त वेळ बघत राहिली, आणि उलट्यापेक्षा सुलट्याकडे. पिल्लू आणि बाळ एकाच गोष्टीकडे वळतात. पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्या वाटा तीस कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या हे लक्षात घेतले की या गोष्टीचे वजन कळते.

मुलांची इच्छा होती की आपणही खुडूक कोंबडीखालची अंडी काढून अंधारात उबवावीत. मी नाही म्हटले. पिल्लांना आईपासून तोडून काळोखात ठेवायचे आणि जे आधीच नीट सिद्ध झाले आहे तेच आपण ओबडधोबडपणे पुन्हा करायचे, यात काही शिकण्यासारखे नाही. आमच्या कोंबड्यांना टेपही लावली नाही. अंगणात बाजूने चित्रण केले आणि 'ट्रॅकर' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम-फ्रेमवर हाताने ठिपके ठेवले. काम किचकट आहे, पण मुलांनी ते मन लावून केले, आणि ठिपका ठेवता ठेवता त्यांना कोंबडीचे डोके कळले. डोके पुढे-मागे हलत नाहीच. ते एका जागी रोखून राहते, शरीर त्याच्याखालून पुढे येते, मग डोके झटक्यात पुढे जाऊन पुन्हा रोखून राहते. बॅरी फ्रॉस्ट यांनी १९७८ मध्ये कबुतराला सरकत्या पट्ट्यावर चालवले. आजूबाजूचे दृश्य हलेना तेव्हा कबुतराचे डोके हलायचेही थांबले. म्हणजे चालीचा हा भाग पायांसाठी नसून डोळ्यांसाठी आहे. जग स्थिर दिसावे म्हणून.

एका मुलाने बाकी सगळे ठिपके काढून फक्त डोक्याचा ठिपका ठेवला आणि दाखवला. बघणारे म्हणाले, "कोंबडी!"

२३ फेब्रुवारी

वाचनालयाच्या भिंतीवर नेहमी दिसणारा करडा, उड्या मारणारा कोळी मेनेमेरस वंशातला असावा. हा जाळे विणत नाही, टपून झडप घालतो. याच वंशातल्या युरोपातल्या एका जातीवर २०२१ मध्ये मास्सिमो दे आग्रो आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. कोळ्याला जागेवर धरून त्याच्या पायाखाली हलका गोल चेंडू ठेवला, म्हणजे तो वळायला गेला की चेंडू उलटा फिरणार. दोन्ही बाजूंना ठिपके, एका बाजूला जिवंत चाल, दुसऱ्या बाजूला अस्ताव्यस्त. कोळी अस्ताव्यस्त ठिपक्यांकडे जास्त वळला.

पिल्लाच्या अगदी उलट. संशोधकांचे स्पष्टीकरण मला पटते. कोळ्याला आठ डोळे. बाजूचे डोळे हालचाल टिपतात, पुढचे दोन मोठे डोळे बारकावा बघतात, पण ते फार अरुंद पट्टा बघतात. जिवंत चाल काय आहे हे बाजूच्या डोळ्यांना पुरेसे कळले, त्यामुळे जे कळले नाही तिकडे मोठे डोळे वळवावे लागले. फरक ओळखला म्हणूनच वेगळे वागला.

पाठीचा कणा नसलेल्या जीवालाही हे कळते, हे समजल्यापासून एक मुलगी भिंतीवरच्या कोळ्यांना झाडू लावू देत नाही.

२ मार्च

काजूच्या बागेत बोंडू वेचायला मुले येतात, तिथून आज त्यांनीच बोलावले: हरणटोळ. बारीक, पोपटी साप, फांदीवर अर्धे अंग हवेत सोडलेले. वारा आला की बाजूची डहाळी हलते तसा तोही मागेपुढे झुलतो आणि थांबतो. सरपटण्याची सारी ओळख त्याने पुसून टाकली होती. मी दुरून चित्रण केले, मुलांना जवळ जाऊ दिले नाही.

जिवंत हालचाल ओळखणारे डोळे रानात सगळीकडे आहेत, म्हणून निर्जीवासारखे हलणे हेही एक कसब झाले. ऑस्ट्रेलियातल्या काडीकिड्यांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात हे कीटक वाऱ्यात आजूबाजूच्या पानांसारखे झुलतात का ते तपासले आहे. याची उलट बाजू कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, दिसते. सुपारीच्या खोडावर उडता सरडा बसतो आणि गळ्याखालची पिवळी पिशवी झटकन उघडतो, मिटतो, उघडतो. त्याला ओळखले जायचे आहे, म्हणून त्याची हालचाल झावळ्यांच्या हलण्यासारखी मुळीच नाही. ऑस्ट्रेलियातला जॅकी सरडा वारा सुटला की शेपटीचे इशारे जास्त वेळ करतो, असे रिचर्ड पीटर्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले. पानांच्या गर्दीत आपली हालचाल हरवू नये म्हणून.

हरणटोळाच्या चित्रणातही ठिपके ठेवून बघायचे आहेत. डहाळीचा ठिपका आणि सापाचा ठिपका बाजूबाजूला.

१६ मार्च

मांडावर, म्हणजे गावात शिगमा खेळतात त्या जागेवर, होतो. नमन झाले, ढोल, ताशे, कासाळे (मोठ्या झांजा) सुरू झाले आणि घोडे आले. कंबरेला बांधलेला सांगाडा, पुढे लाकडी मान, खाली सोडलेले झगमगीत कापड, डोक्याला फेटा, उगारलेली तलवार, पायांत घुंगूर.

आज कॅमेरा काढला नाही. उत्सवातल्या घोड्यांना टेप चिकटवायची नाही हे आधीच ठरले होते आणि मांडकऱ्यांशी तसे बोलणे झाले होते. पुढच्या रविवारी सरावाचा जुना सांगाडा मिळणार आहे.

एवढी वर्षे मी चेहरे आणि फेटे बघत आले. आज पहिल्यांदा कापडाची खालची कड बघत राहिले. कड पिंढरीच्या मध्यावर येते. गुडघे झाकलेले, खुबे झाकलेले. दिसतात ते फक्त घोटे आणि पावले.

२३ मार्च

मेळातले सगळ्यांत जुने खेळगडी, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ते स्वतः आले. वय झाले तरी कंबर ताठ. मुलांनी टेप लावताना विचारले, "आबा, घोडा पायांनी नाचवता की हातांनी?" ते म्हणाले, "पाय माझे. घोडा कंबरेत. कंबर धरली नाही तर नुसतं लाकूड हलतं."

ठिपके माणसाला नेहमीचे, शिवाय घोड्याच्या कानाजवळ, मानेच्या मध्यावर, सांगाड्याच्या पुढच्या व मागच्या टोकाला आणि शेपटीवर. कापड काढून चित्रण केले, म्हणजे कोणते ठिपके ठेवायचे आणि कोणते पुसायचे ते नंतर ठरवता येईल.

ट्रॅकरमध्ये रेषा काढल्यावर आबांचे म्हणणे दिसले. त्यांचे खांदे फारसे वर-खाली होत नाहीत. कंबरेचा छोटा झटका सांगाड्याला जातो आणि घोड्याची मान किंचित उशिराने, पण मोठी उसळी घेऊन उठते. मान आणि खांदे एकत्र हलत नाहीत. डोळ्याला सामाईक गती सापडत नाही, म्हणून तो त्यांना दोन शरीरे मानतो: एक स्वार, एक घोडा. एका तरुण खेळगड्याच्या चित्रणात मान आणि खांदे बरोबरच उठतात, आणि तिथे माणसाने काहीतरी हातात धरले आहे एवढेच दिसते. वर्षानुवर्षांचे कसब त्या उशिरात आहे.

३० मार्च, गुढीपाडवा

सणामुळे बाहेरगावचे पाहुणे भरपूर, बेळगावचे, पुण्याचे. घोडेमोडणी कधीच न पाहिलेले लोक आम्हाला हवेच होते. गावातल्यांना काहीही दाखवले तरी घोडेमोडणीच दिसते, ढोल नसतानाही ते बोटांनी ताल धरतात. त्यांची उत्तरे वेगळ्या पानावर लिहिली.

पाहुण्यांना काय दिसेल हे आधी सांगितले नाही. एकेकाला आत बोलावून एकच प्रकार दाखवला आणि "काय दिसतं?" एवढेच विचारले.

सगळे ठिपके, गुडघे-खुब्यांसह: बहुतेक जण म्हणाले, नाचणारा माणूस. पुढे काहीतरी बांधले आहे, पालखी असेल, ढोल असेल.

पायांचे सगळे ठिपके पुसलेले, फक्त स्वार आणि घोड्याची मान-पाठ-शेपटी: इथे उत्तरे फार पसरली. होडीत बसलेला माणूस. झोपाळा. घोड्यावर बसलेला माणूस, हेही आले, पण विचार करून, थांबून.

गुडघे आणि खुबे पुसलेले, घोटे मात्र ठेवलेले, म्हणजे कापड जे करते तेच: बहुतेकांनी पटकन घोडा म्हटले. एका लहान मुलाने "घोडा पळतोय" म्हणून खुर्चीवरून उडी मारली.

चौथा प्रकार ट्रोये-वेस्टहोफ यांच्या कामावरून केला. तिसऱ्यासारखाच, पण घोट्यांची हालचाल तेवढी उलटी केलेली. बाकी सगळे सुलटे. पुन्हा होडी आली, पुन्हा झोपाळा आला. घोडा क्वचित.

आमचे प्रेक्षक थोडे होते, सगळे नात्यागोत्यातले होते, प्रयोगशाळा नव्हती. तरी चारही प्रकार एकमेकांशेजारी ठेवले की मला जे दिसते ते मी ठामपणे लिहिते. घोट्यांतून जीव येतो. गुडघे आणि खुबे दिसले तर तो जीव माणसाच्या नावावर जमा होतो, कारण डोळा घोट्यापासून खांद्यापर्यंत साखळी जोडतो. कापड ती साखळी मधोमध तोडते. आता पावले कुणाची हे सांगणारे काही उरत नाही, आणि पावलांच्या वर सगळ्यांत जोमाने उसळणारे शरीर घोड्याचे असते. पावलांतला जीव घोड्याला मिळतो. चार पायांचीही गरज पडत नाही. दोन घोटे पुरतात, फक्त ते खरोखर पडायला आणि सावरायला हवेत.

ज्याने पहिल्यांदा कंबरेला लाकडी मान बांधली आणि खाली कापड सोडले, त्याने कापड जमिनीपर्यंत का सोडले नाही? पाय पूर्ण झाकले असते तर माणूस अधिक नीट लपला असता, असे कुणालाही वाटेल. पण मग घोडा तरंगला असता. गुडघे झाकायचे आणि पावले उघडी ठेवायची, हा निर्णय डोळ्याचा इतका बारकाईने अभ्यास करून घेतलेला आहे की मला त्या अनाम कारागिरांविषयी अपार आदर वाटतो. प्रयोगशाळेने २००६ मध्ये जे वेगळे करून दाखवले, ते वापरात आणणारे लोक आमच्या मांडावर कितीतरी आधीपासून होते.

६ एप्रिल

आबांना चारही चित्रणे दाखवली. ते पहिल्यापेक्षा तिसरे पुन्हा पुन्हा बघत होते. मग म्हणाले, "यंदा त्या धाकट्याचं कापड आखूड झालं होतं. धुतल्यावर आटलं. मला वाटलंच, तो घोडा मेला होता." मुलांनी उत्सवाच्या दिवशी गावकऱ्यांनी काढलेली छायाचित्रे शोधली. त्या घोड्याच्या कापडाची कड गुडघ्याच्या वर आहे, गुडघा दर पावलाला बाहेर येतो.

आबांचा प्रश्न आता आमच्याकडे आहे: कापड नेमके कुठपर्यंत ठेवायचे? पिंढरीच्या मध्यावर, की आणखी चार बोटे खाली? यासाठी नवे चित्रण लागत नाही. आहे त्याच चित्रणावर संगणकात काळी पट्टी वर-खाली सरकवून वेगवेगळ्या लांबीची कापडे करता येतील. पट्टी घोट्याच्या किती जवळ आली की घोडा पुन्हा होडी होतो, ते शोधायचे. प्रेक्षक मात्र नवे हवेत, आधी न पाहिलेले. मे महिन्यात मुंबईचे पाहुणे येतील तेव्हा.

दुसरे काम घुंगरांचे. पाऊल टेकते त्याच क्षणी आवाज येतो. आवाज बरोबर ठेवून, मग थोडा पुढे-मागे सरकवून दाखवायचा. ध्वनिमुद्रण आबांनी आजच करून दिले, चपला काढून, वाचनालयाच्या फरशीवर.

हरणटोळाचे ठिपके अजून बाकी आहेत. ते दोन मुलींनी घेतले आहेत.